सुलिनाच्या नावाचा काडीकिडा

पावसात माणसं छत्री डोक्यावर धरतात, एवढी एक गोष्ट तरी जगात सगळीकडे सारखी असेल, अशी जोविताची समजूत होती. त्यामुळे तांबुनानच्या घाटात दरड कोसळून गाड्यांची रांग लागली आणि रस्त्याच्या कडेला तो माणूस दिसला, तेव्हा ती जीपच्या काचेला नाक लावून बघतच राहिली. उंच, सडपातळ, नखशिखांत भिजलेला… आणि छत्री? छत्री उघडून उलटी धरलेली — झुडपाखाली! दुसऱ्या हातातल्या काठीनं तो झुडूप हलकेच बडवत होता आणि पाळण्यात डोकवावं तसा छत्रीत डोकावत होता.

जोविताचं डोकंच फिरलं. किडे गोळा करण्याची ही रीत तिच्या चांगल्याच ओळखीची होती, कारण तिचं पोट त्यावरच चालत होतं. पण हा डोंगर राखीव. इथलं पानसुद्धा परवान्याशिवाय तोडायचं नाही. आणि तरी बाहेरची माणसं यायची, काडीकिड्यांची अंडी काडेपेटीत भरून न्यायची आणि कुठल्या कुठल्या देशांत हौशी लोकांना विकायची. तिनं स्वतःची छत्री उघडली आणि चिखल तुडवत त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"ओ बॉस! काय चाललंय हे?"

"शू…" त्यानं वर बघितलंही नाही. "मेलाय तो."

"कोण मेलाय?"

"मेल्याचं सोंग घेतलंय. हात लावला की मरतात. कुणी ओरडलं की आणखीच मरतात." आता त्यानं मान वर केली. चष्म्याच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. "तुमची छत्री जरा माझ्यावर धरता का? माझी कामात आहे."

आता याला काय म्हणावं! जोविता त्याला चांगलं फैलावर घेणार होती, पण हात आपोआप पुढं झाला. छत्रीत एक बारीकशी काडी पडली होती. पुढचे पाय नाकासमोर सरळ ताणलेले, मिशा पायांना चिकटलेल्या. दुसऱ्या कुणाला ती काडीच वाटली असती. याला मात्र ती बरोबर दिसली होती.

"परवाना?" ती कडक आवाजात म्हणाली.

त्यानं खिशातून कागदाचा एक ओला लगदा काढला. सरकारी शिक्का तेवढा ओळखू येत होता, बाकी सगळी शाई वाहून गेलेली.

"खरा आहे हो," तो म्हणाला. "सकाळी तर वाचताही येत होता."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून ती आणखी चिडली. तेवढ्यात पुढचा रस्ता मोकळा झाला. भोंगे वाजले, रांग हलली, आणि तो माणूस एकदम ओरडला, "अहो, माझी बस!"

बस गेली होती.

"बसा," जोविता जीपकडे बोट दाखवत फणकाऱ्यानं म्हणाली. "आणि त्या बिचाऱ्याला झुडपावर सोडा आधी."

जीपमध्ये तो अंग चोरून बसला होता. सीट भिजू नये म्हणून अर्धा हवेतच. बोलायला मात्र गोड होता. ती कीटक-केंद्रात काम करते, काडीकिड्यांचं वर्गीकरण करते, हे कळल्यावर तर त्याचा चेहरा असा खुलला की तिनं नको ते सगळं सांगून टाकलं. घाट संपेपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही.

"माझी आई जंगलातून कोवळ्या नेच्याचे कोंब खुडून बाजारात विकायची. एक किडा तिनंच मला लहानपणी दाखवला. काळसर, सुतळीसारखा बारीक, आणि पंख उघडले की आत गुलाबी… नुसता गुलाबी! शिकून आले तेव्हा कळलं, की त्याची नोंदच नाही कुठं. आई गेली त्या वर्षी मी त्याचं वर्णन छापलं. आईचं नाव सुलिना, म्हणून किड्याचं नाव 'सुलिनी'. आणि मग एक दिवस, तिकडं समुद्रापलीकडं मलायात एक साहेब खुर्चीत बसून चार पानं लिहितात — म्हणे ही नवी जात नाहीच! शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी एक जाडी मादी पकडून परदेशी नेली होती, तिचाच हा नर! त्या मादीला नाव कुणाचं? हार्डकॅसल! तंबाखूच्या मळ्याचा मॅनेजर! त्यानं हा किडा कधी डोळ्यांनी तरी पाहिला असेल का?"

"एकाच जातीला दोन नावं पडली, तर जुनं राहतं…" तो पुटपुटला.

"नियम मला माहीत आहे! मला राग नियमाचा नाही. त्या याप साहेबाचा आहे. एक पत्र नाही, एक फोन नाही. चार पानांत माझी आई पुसून टाकली त्यानं. जिवंत काडीकिडा पाहिला नसेल आयुष्यात!"

 तो चष्मा पुसत होता. ओल्या शर्टानं ओला चष्मा.

"आणि समजा… त्याचं बरोबर असलं तर?"

"तर त्यानं इथं येऊन माझ्या तोंडावर सांगावं."

"पावसात?"

"पावसात, चिखलात, कुठंही!"

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. घसा साफ केला. "मीच तो. याप वेन-फाय. तोंडावर सांगायलाच निघालो होतो, पण वाटेत झुडूप इतकं छान दिसलं की…"

जीप करकचून थांबली.

"उतरा."

"इथं? पण केंद्र अजून…"

"उतरा!"

तो उतरला. जोविता सुसाट निघाली. थोडं पुढं जाऊन तिनं गाडी थांबवली आणि मागं घेतली. त्याच्या भिजलेल्या चेहऱ्यावर आशेचं हसू उमटलं. तिनं दार उघडून त्याची पिशवी बाहेर ठेवली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या प्रमुख मॅडम रुफिना यांनी दोघांना समोर बसवलं. फाय वर्षभराच्या कामासाठी आला होता, तशी पत्रं झाली होती, आणि केंद्रात सूक्ष्मदर्शक एकच होता. "एकाच टेबलावर बसायचं आहे," मॅडम म्हणाल्या. "भांडा खुशाल. पण किडे दचकणार नाहीत इतपत आवाजात."

भांडण त्याच मिनिटाला सुरू झालं.

"सांगा," जोविता म्हणाली. "कशावरून माझा किडा त्या जाडीचा नवरा?"

"तुम्हाला आजवर नुसते नर सापडलेत. परदेशातल्या संग्रहालयाच्या कपाटात नुसती एक मादी आहे. दोघांच्या डोक्यावर तीच दोन बारीक शिंगं. पाय पुढं ताणले की डोकं नीट बसावं म्हणून मांडीला बाक असतो ना, तोही अगदी तसाच."

"म्हणून लग्न लावून दिलंत?"

"पत्रिका जुळत होती."

"मुलीला विचारलं?"

तो गडबडला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. जोविताला ते दिसलं, आणि आपल्याला ते का दिसावं याचा तिला फार राग आला.

"अंडं पाहिलंत का?" तिनं सरळ घाव घातला. काडीकिड्यांच्या अंगाचा भरवसा नसतो. नर एका रूपाचा, मादी दुसऱ्या, पिल्लू तिसऱ्याच. पण अंडं खोटं बोलत नाही. बीसारखं दिसणारं ते इवलंसं अंडं प्रत्येक जातीचं वेगळं — कुणाचं गुळगुळीत, कुणाचं खरखरीत, कुणाच्या टोपणावर मुंग्यांना आवडणारं बोंड.

"नाही पाहिलं," तो खाली बघत म्हणाला. "त्या वाळक्या मादीच्या पोटात असेल एखादं. पण ते लोक तिला हात लावू देत नाहीत. तीनदा मागितलं. शेवटी फोटो पाठवला त्यांनी."

"फोटो!" जोविता उठूनच उभी राहिली. "आमच्या डोंगरावरची मादी म्हणे, आणि आम्हालाच हात लावायची बंदी! आणि तुम्ही तो फोटो बघून माझी आई…"

"हो," तो म्हणाला. "फोटो हाताशी होता आणि इथं यायच्या तिकिटाला पैसे नव्हते. पण पत्र लिहायला पैसे लागत नाहीत. ते लिहायला हवं होतं मी."

असं कुणी आपणहून कबूल केलं की भांडायचं तरी कसं? जोविता धुमसत राहिली.

उपाय एकच होता. असली जाडी मादी खरंच या डोंगरावर असेल तर तिला शोधायचं, तिची अंडी वाढवायची, आणि त्यातून नर कसा निघतो ते बघायचं. मग रोज दिवेलागणीला, किडे चरायला बाहेर पडतात त्या वेळी, दोघं विजेऱ्या घेऊन रानात शिरू लागले. धुकं झाडांतून खाली उतरायचं. पानापानांवरून पाणी ठिबकायचं. तो पुढं, ती मागं. कधी ती पुढं, तो मागं. बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण अंधारात मुकाट्यानं चालणं फार जड जातं…

"जिवंत काडीकिडा मी पाहिला नसेन, असं म्हणाला होतात तुम्ही," तो एकदा म्हणाला. "माझ्या आजीच्या पडवीत पेरूच्या फांद्यांवर मोठाले हिरवे काडीकिडे असायचे. काटेरी, हातावर मावणार नाहीत असे. त्यांची लेंडकं वाळवून आजी चहा करायची. पोटदुखीवर."

"ई! आणि तुम्ही प्यायचात?"

"पोट दुखतंय हे कुणाला सांगायचोच नाही."

जोविता खळाळून हसली. मग तिला आठवलं, की आपण याच्यावर रागावलोय. तिनं हसू आवरलं, पण धुक्यात तो वळून बघत होता… अगदी स्पष्ट बघत होता.

"पुढं बघा," ती म्हणाली. "पाय घसरेल."

"घसरलाय," तो इतक्या हळू म्हणाला की तिला ऐकू आलं नाही असं तिला दाखवता आलं.

मादी सापडली ती रानटी रासबेरीच्या जाळीत. शेवाळलेली फांदी वाऱ्यावर झुलावी तशी ती झुलत होती, आणि वारा तर नव्हता! चांगली वीतभर, गुबगुबीत, हिरव्या-तपकिरी अंगाची, पाठीवर पंखांचे नुसते खुंट. दोघांनी एकाच वेळी हात पुढं केला. बोटांना बोटं लागली. दोघांनीही हात मागं घेतले नाहीत, आणि ती बाई संथपणे चालत आधी त्याच्या मनगटावर, मग तिच्या मनगटावर आली.

"एकटीच आहे," जोविता कुजबुजली. "पाठीवर नर असता तर प्रश्नच मिटला असता."

"नर एकदा पाठीवर बसला की दिवसेंदिवस उतरत नाही म्हणतात."

"उतरवता येतो," जोविता म्हणाली. "जीपमधून उतरवता येतो तसा."

या वेळी तो खळाळून हसला.

मादी जाळीच्या पिंजऱ्यात सुखानं राहू लागली. खाली पसरलेल्या कागदावर अंडं पडायचं… टप! दोघंही कामातून मान वर करायची. लांबट, खरखरीत, गवताच्या कुसळासारखी बारीक केसाळ अंडी. जोवितानं त्यांची चित्रं काढली. मग वाट बघणं आलं. नर भेटलेला नसेल तर काडीकिड्यांच्या माद्या एकट्यानंच अंडी घालतात आणि त्यातून नुसत्या मुलीच निघतात. तसं झालं असतं तर सगळे कष्ट वाया.

"बाई, नवरा भेटला होता ना वाटेत?" फाय पिंजऱ्यात डोकावून विचारायचा.

"भेटला असेल तर पत्र न पाठवता आला असेल," जोविता म्हणायची.

महिने गेले. तो अधूनमधून घरी जाऊन यायचा, आणि तो नसला की ते एकुलतं टेबल फारच लांबरुंद वाटायचं. आपल्याला तसं का वाटावं? जोविता टेबलावर राग काढायची.

अशात एका गुरुवारी ती त्याला मुद्दाम तांबुनानच्या बाजारात घेऊन गेली. तिथं तिचे वडील बॉनिफास, ज्यांना ती आपा म्हणायची, आलं आणि कोवळे कोंब विकत. आल्याच्या ढिगाशेजारी त्यांनी एक फोटो प्लॅस्टिकमध्ये घालून टेकवून ठेवला होता: काळसर किडा, गुलाबी पंख. गिऱ्हाईक आलं की आधी फोटो, मग आलं.

"हे बघा," आपा फायलाही म्हणाले, "माझ्या बायकोचं नाव आहे याला. सगळ्या जगात हेच म्हणतात. सुलिनी!"

जोविता बाजूला उभी होती. बघू दे त्याला, असं तिनं ठरवूनच आणलं होतं. होऊ दे कासावीस! फायचा चेहरा उतरला. "छान आहे" म्हणून तो निसटू शकला असता, आपांना काही कळलंही नसतं. पण तो ओल्या जमिनीवर उकिडवा बसला.

"अंकल, ते नाव काढून टाका असं ज्यानं लिहिलं, तो माणूस मीच."

आपांचा आलं तोलणारा हात थांबला.

"तू माझ्या बायकोला ओळखत होतास?"

"नाही."

"हा डोंगर पाहिला होतास?"

"नव्हता पाहिला."

"मग रे?"

फायनं मान खाली घातली. आपांनी तराजू खाली ठेवला. मग पानात बांधलेला भात आणि तुहाऊ या रानटी आल्याच्या देठांची उग्र वासाची चटणी त्याच्यापुढं सरकवली. "खा. खोटं बोलला नाहीस. पण माझा राग गेलेला नाही, हां!"

ती चटणी बाहेरच्या माणसाला पहिल्या घासाला जात नाही. फायच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तरी त्यानं पान चाटूनपुसून खाल्लं. आणि जोविताला तिथंच, भर बाजारात, त्याचा भयंकर राग आला. कुणी सांगितलं होतं याला इतकं सरळ असायला?

अंडी उघडली. टोपण उचलून दोऱ्यासारखी पिल्लं बाहेर पडली. ती कात टाकत टाकत वाढू लागली. काही जाड होऊ लागली, काही बारीकच राहिली. पण पंख फुटेपर्यंत नक्की काही सांगता येत नव्हतं. चिनी नववर्षाला फाय घरी गेला आणि त्याच आठवड्यात, एका सकाळी, जोविता पिंजऱ्यापाशी आली तेव्हा एक बारीकसा जीव जुन्या कातीतून लोंबत होता. काळसर. सुतळीसारखा. तो हळूहळू बाहेर आला, थरथरला, आणि त्यानं चुरगळलेले पंख उलगडले…

गुलाबी. आईनं दाखवलेला तोच गुलाबी.

जाडीच्याच पोटचा होता तो. यापचं बरोबर होतं.

केंद्रात दुसरं कुणी नव्हतं. पिंजऱ्याचं दार नुसतं उघडं ठेवलं असतं तरी तो खिडकीतून रानात गेला असता. "सगळ्या मुलीच निघाल्या," एवढं म्हटलं की संपलं. सुलिनी सुलिनीच राहिली असती आणि आपांचा फोटो आल्याशेजारीच. जोविता खुर्चीत बसून राहिली. चहा गार झाला. मग तिनं फोन उचलला.

पलीकडं फटाक्यांचा आवाज होता, बायकांचा हसण्याचा कलकलाट होता.

"नर निघाला," ती म्हणाली. "गुलाबी पंखांचा. तुझं बरोबर होतं. अभिनंदन! मिठाई वाट सगळ्यांना. तुझं बरोबर, तुझ्या त्या हार्डकॅसलचं बरोबर, सगळ्या जगाचं बरोबर! फक्त माझी आईच…" आणि तिला रडू फुटलं.

पलीकडचा आवाज एकाएकी दूर गेला. तो घराबाहेर आला असावा.

"जोविता."

"काय आहे?"

"मला मुळीच आनंद झालेला नाही. तू रडतेयस, आणि मी इथं आहे."

तिनं डोळे पुसले.  मग तो हलकेच म्हणाला, "आणि तू मला 'तू' म्हणालीस."

"रागात म्हणाले!" ती ओरडली आणि तिनं फोन ठेवून दिला.

तो परत आला तो महिन्यानं. एवढे दिवस काय करत होता, याचा फोनवर पत्ता लागू दिला नव्हता. जोविता त्याच्याकडं न बघता पिंजऱ्यात ताजी पानं खोचत राहिली.

"आलास? आता आपांना सांगायला चल. माझं धाडस होत नाहीये. तो फोटो तूच उचल त्यांच्या समोरून."

"आधी हे बघ."

त्यानं लॅपटॉप उघडला. करड्या, धूसर चित्रात एका किड्याचं पोट होतं, आणि पोटात एक अंडं. वाटाण्यासारखं गोल. गुळगुळीत. एक केस नाही.

"हे कुणाचं?"

"हार्डकॅसल साहेबांच्या मादीचं. चौथ्यांदा मागितलं मी. या वेळी तू काढलेली अंड्यांची चित्रं सोबत जोडली आणि लिहिलं, की हे जिनं काढलंय तिला उत्तर देणं तुम्हाला भाग आहे. त्यांच्याकडं न कापता आतलं दाखवणारं यंत्र आहे म्हणे. इतकी वर्षं होतंच!"

जोवितानं चित्र मोठं केलं. पुन्हा लहान केलं. पुन्हा मोठं केलं. आपल्या मादीची अंडी लांबट, केसाळ. ही गोल. दोघींची शिंगं सारखी, मांडीचा बाक सारखा… आणि तरी जाती वेगळ्या.

"म्हणजे…"

"ती मादी भलत्याच बेटावरची असणार. तिला लावलेली ठिकाणाची चिठ्ठी चुकली असेल, नाहीतर गोळा करणाऱ्याची आठवण. इथला नर आणि इथली मादी, दोघंही सुलिनी. साहेबांची बाई एकटी राहिली."

"म्हणजे तू चुकलास."

"अर्धा."

"अर्धा? चांगला पुरता चुकलास!"

"पण ही जाडी त्या बारक्याची…"

"ते मी तुला सांगितलं. फोनवर. रडत. ते माझं आहे!"

"तुझंच आहे," तो म्हणाला. "आपल्या नव्या लेखात पहिलं नाव तुझं. आणि माझ्या चार पानांत काय चुकलं ते मी वेगळं छापायला दिलंय. लांबलं जरा. पाच पानं झाली."

तिनं ती पाचही पानं तिथंच उभ्यानं वाचली. त्यात एका ठिकाणी लिहिलं होतं, की या डोंगरावर राहणाऱ्यांना न विचारता लेखकानं निष्कर्ष काढला, ही त्याची पहिली चूक, बाकीच्या तिच्यातून निघाल्या. अक्षरं अंधूक झाली. "एकदाच 'दिलगीर' लिहिलंयस," ती नाक ओढत म्हणाली. "दोनदा लिहायला काय झालं होतं?"

त्या संध्याकाळी दोघं पिंजरा घेऊनच आपांकडं गेले. बांबूच्या ओट्यावर आपा जेवणाची पानं मांडत होते. जोवितानं जाडीला अलगद काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. बारक्याची बायको कोण ते शोधत होतो, ती ही. आईचं नाव आता हिचंही आहे.

आपांनी हात दिव्याजवळ नेला. गुबगुबीत, हिरवट-तपकिरी बाई त्यांच्या तळहातावर डुलत होती, ठुमकत होती, जागा सोडायला तयार नव्हती.  आपा एकदम हसले, आणि हसता हसता त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"ही! ही माझी सुलिना! अगं, त्या काटकीचा फोटो दाखवत बसलो इतकी वर्षं. मनात म्हणायचो, पोरीनं एवढ्या मायेनं नाव दिलंय, सांगायचं कसं… पण तुझी आई कधी काटकुळी होती का गं? दारातून आली की ओटा हलायचा!"

"आपा!" जोविता ओरडली. "इतकी वर्षं मनात ठेवलंत? एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तुला वाईट वाटलं असतं ना."

ती तरातरा अंगणात निघून गेली. मागून फाय आला. धुकं उतरलं होतं, भाताच्या खाचरांत बेडूक ओरडत होते. ती त्याच्याकडं पाठ करून उभी राहिली.

"वर्ष संपत आलं तुझं," ती म्हणाली. "जाणार असशील आता."

"काम संपलं की जावं लागतं."

"जा ना मग!" ती गर्रकन वळली. "सगळे पुरुष एकजात असलेच! मनातलं म्हणून कुणी बोलायचं नाही. आपा गप्प. तू गप्प. रानात कुजबुजायचं, हात तसाच ठेवायचा, पाच पानं लिहायची, पण जे बोलायचं ते…"

"काय बोलायचं?"

"मी का सांगू? मी का म्हणून सांगू?"

फायनं चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे फार उघडे दिसत होते.

"मला जायचं नाहीये, जोविता. मॅडमना मी आणखी कामाबद्दल विचारलंय, त्या हो म्हणाल्यात. पण ते किड्यांसाठी नाही. माझं… तुझ्यावर प्रेम आहे. कधीचं आहे. मला वाटलं, मी ज्या चुका केल्या त्या आधी निस्तराव्यात आणि मग बोलावं. नाहीतर तुला वाटलं असतं, माफी मिळावी म्हणून म्हणतोय."

"कधीपासून?"

"मुलीला विचारलं का, असं म्हणालीस ना, तेव्हापासून."

"तेव्हापासून!" जोविताचा संताप अनावर झाला. "तेव्हापासून ठाऊक होतं तुला, आणि मी इथं रोज त्या टेबलाशी बसून… तू घरी गेलास की मला जेवण जात नव्हतं, माहीत आहे? आणि वर लाजही वाटायची, की ज्यानं आईचं नाव पुसलं त्याच्यासाठी हे असं… तुला वाटतं, तुझं एकट्याचंच आहे? माझंही आहे! माझंही प्रेम आहे तुझ्यावर, मूर्खा!"

हे तिनं इतक्या रागानं, इतक्या मोठ्यानं सांगितलं की खाचरातले बेडूक एकदम गप्प झाले. शेजारच्या घराची खिडकी उघडली. फायच्या हातातला चष्मा चिखलात पडला, आणि तो शोधायला दोघंही एकदमच वाकले. तिथून ती दोघं लवकर काही उठली नाहीत.

ओट्यावरून आपांचा आवाज आला, "ऐकलं गं पोरी, सगळ्या गावानं ऐकलं! आता त्याला जेवायला घेऊन ये. आणि चटणी कमी वाढ, घरचा माणूस आहे तो."